गणपूर्तीला एक कमी

सकाळचे अकरा वाजून दोन मिनिटं झाली होती आणि आंतरराष्ट्रीय टाचदुखी संस्था अखेरच्या घटका मोजत होती. ही गोष्ट फक्त तिच्या सरचिटणीस डॉक्टरांना ठाऊक होती. ते आपल्याच दवाखान्यातल्या एका खोलीत दार लावून बसले होते आणि लॅपटॉपवरचे चेहरे चौथ्यांदा मोजत होते. स्वतःला धरून चौदा. पहिल्यांदा मोजले तेव्हाही चौदाच होते.

संस्थेच्या घटनेप्रमाणे वार्षिक सभेला किमान पंधरा सदस्य हजर लागतात. मागच्या वर्षी बारा आले होते, त्याच्या आदल्या वर्षी नऊ. सलग तीन सभा गणपूर्तीअभावी बारगळल्या तर संस्था आपोआप विसर्जित होते, असं कलम एकोणीस सांगतं. हे कलम डॉक्टरांनीच घातलं होतं, सदस्यांना जरा धाक बसावा म्हणून. पण धाक कुणाला बसलाच नाही, कारण कलम कुणी वाचलंच नाही.

डॉक्टरांचा मात्र या संस्थेवर जीव होता. बाकीचे डॉक्टर ज्या दुखण्याला "चप्पल बदला" एवढं सांगून वाटेला लावतात, त्या दुखण्यासाठी देशोदेशीची माणसं एकत्र बसतात, भांडतात, ठराव करतात, यानं त्यांना बारा वर्षांनंतरही भरून येत असे. आपल्या डोळ्यांदेखत हे सगळं कलम एकोणीसच्या घशात जाऊ द्यायचं नाही, हे त्यांनी पक्कं ठरवलं.

"नियमाप्रमाणे अर्धा तास थांबता येईल," पडद्यावरून अध्यक्षबाई म्हणाल्या. "मग मला सभा रद्द करावी लागेल."

"रद्दबिद्द काही नाही. पंधरावा चेहरा मी आणतो," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला.

खजिनदारांची चौकट पडद्यावर होती, पण तिच्यात नुसती खुर्ची दिसत होती. फोन केला तर ते दातांच्या डॉक्टरकडे होते आणि भुलीमुळे त्यांची जीभ वळत नव्हती. दुसऱ्या सदस्याने आनंदाने चौकशी केली, मुलांची विचारपूस केली आणि सांगितलं, की आपण तीन वर्षांपूर्वीच टाचा सोडून गुडघ्यांकडे वळलो. तिसऱ्याचा फोन नर्सने घेतला.

"सर ऑपरेशनमध्ये आहेत. हात मोकळे नाहीत."

"हात नकोत हो, नुसता चेहरा दाखवा!"

"चेहऱ्यावर मास्क आहे," असं म्हणून नर्सने फोन ठेवला.

अकरा वाजून एकवीस मिनिटांनी डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला. पंधरावा सदस्य भिंतीपलीकडेच होता की! त्यांची बायकोही टाचांचीच डॉक्टर आणि संस्थेची रीतसर सदस्य होती. ते उठले आणि बायकोच्या खोलीत घुसले.

तपासणीच्या टेबलावर एक पोस्टमन पालथे झोपले होते आणि डॉक्टरीणबाई त्यांची टाच अंगठ्याने दाबून पाहत होत्या.

"अगं, चल लवकर. एक सदस्य कमी पडतोय."

"माझ्याकडे अठरा पेशंट जास्त पडलेत, त्याचं काय?" बाई मान वर न करता म्हणाल्या. "त्यातले नऊ तुझे. येईन मी, विषय नऊला येईन."

"विषय नऊपर्यंत संस्था राहणार नाही!"

"मग यांना सांग ते. सकाळी आठपासून ताटकळलेत."

"आठ नाही, साडेसात," पोस्टमन उशीत तोंड खुपसून म्हणाले. "आणि उभा होतो."

वाद घालायला वेळ नव्हता. सदस्य सभेला येत नसेल तर सभा सदस्याकडे न्यायची, हे डॉक्टरांना तिथल्या तिथे सुचलं. घटना त्यांना तोंडपाठ होती. चेहरा दिसला पाहिजे असं तिच्यात होतं, कुठे बसावं याबद्दल अक्षर नव्हतं. त्यांनी लॅपटॉप उचलला, वायर खांद्यावर टाकली आणि तो बायकोच्या टेबलावर औषधाच्या नमुन्यांच्या खोक्यांवर मांडला. स्वतः स्टूल ओढून शेजारी बसले.

"एका चौकटीत दोन चेहरे चालतात का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"कलम अकरा. चेहरे मोजायचे, चौकटी नाहीत," डॉक्टर ठासून म्हणाले. "आम्ही दोघं धरून पंधरा."

"मग सभा सुरू झाली असं मी जाहीर करते."

डॉक्टरांच्या जिवात जीव आला. पण खोक्यांवरचा लॅपटॉप जरा कलला होता, आणि पडद्याच्या मधोमध आता पोस्टमनची टाच आली होती. टाचेला वाहिलेल्या तेरा तज्ज्ञांसमोर जिवंत टाच आल्यावर अहवाल कोण ऐकणार?

"किती दिवसांपासून दुखतंय?" एकाने विचारलं.

"सकाळचं पहिलं पाऊल विचारा!" दुसरा ओरडला.

"इंजेक्शन देऊ नका," तिसऱ्याने बजावलं. "दिलंच पाहिजे," चौथा म्हणाला, आणि दोघांची जुंपली.

"मॅडम, हे सगळे कोण?" पोस्टमननी मान वळवून विचारलं.

"सगळे टाचांचेच डॉक्टर आहेत. तुमची हरकत असेल तर बंद करते."

"छे हो! बघू द्या की. घरी कुणी बघत नाही."

डॉक्टरांनी टेबलावर मूठ आपटून सभा रुळावर आणली. मग मात्र काम झपाट्याने झालं. अहवाल मंजूर झाला, उपचारांचा तक्ता मंजूर झाला, पुढच्या अधिवेशनाचं गाव ठरलं. बाई एका हाताने टाचेला पट्टी लावत होत्या आणि दुसरा हात प्रत्येक ठरावाला वर करत होत्या. आठ विषय संपले तेव्हा डॉक्टरांचा चेहरा उजळला होता.

"विषय नऊ," त्यांनी यादी वाचली. "सदस्य क्रमांक दोनशे बारा यांचा ठराव. सलग दोन मुदतींहून अधिक काळ कुणीही एकाच पदावर राहू नये. नियम आजपासूनच..."

इथे ते वाचता वाचता अडखळले. यादी त्यांनीच लावली होती, पण सदस्यांची पत्रं ते न वाचताच चिकटवत. त्यांची स्वतःची ही चौथी मुदत चालू होती.

"दोनशे बारा कोण?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"मी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. मग त्यांची नजर दाराकडे गेली. दार चार पावलांवर होतं. आत्ता उठून बाहेर गेलं, की उरले चौदा. गणपूर्ती गेली, म्हणजे ठरावही गेला आणि पद वाचलं. पण सभा बारगळली, की तिसरी सभा, कलम एकोणीस, आणि संस्थाच गेली. कशाचं सरचिटणीस राहायचं मग?

त्यांनी स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि ते जागचे हलले नाहीत.

"मतदान घ्या," ते म्हणाले.

पडद्यावरचे हात एकेक करत वर गेले. तेरा. बायकोचा चौदावा. टेबलावरून पोस्टमननीही हात वर केला.

"तुमचा धरता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

"नका धरू. माझं आपलं मत आहे."

डॉक्टरांनी इतिवृत्तात स्वच्छ अक्षरात लिहिलं: चौदा विरुद्ध शून्य, ठराव संमत. मग आपल्या तोंडाने ते जाहीर केलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्ही नसता तर आज आम्ही कुणीच इथे नसतो." तेराही जण टाळ्या वाजवू लागले आणि डॉक्टरांना चष्मा काढून पुसावा लागला.

"नवीन सरचिटणीस म्हणून आमच्या डोळ्यांसमोर एकच नाव आहे," अध्यक्षबाई डॉक्टरीणबाईंकडे पाहून म्हणाल्या.

"मला नको," बाई म्हणाल्या. "मला सरचिटणीस व्हायचं नाहीये. मला ओपीडीला माझा नवरा परत हवाय."

मग अध्यक्षबाईंनी महिनाभर कामकाज स्वतःकडे घेतलं आणि सभा रीतसर संपली. पोस्टमन चप्पल घालून, सगळ्यांना नमस्कार करून गेले. डॉक्टरांनी वायर गुंडाळली आणि स्टेथोस्कोप गळ्यात अडकवून रिसेप्शनवरच्या काकूंना सांगितलं, की अर्धे पेशंट माझ्याकडे पाठवा. दारातून ते परत वळले.

"एवढं होतं, तर घरीच सांगायचंस ना मला," ते दुखावल्या आवाजात म्हणाले. "ठराव कशाला मांडायचा?"

"सांगितलं होतं की," बाई हात धुता धुता म्हणाल्या. "तीन वर्षांत चार वेळा सांगितलं. दर वेळी तू म्हणालास, लेखी दे."