टाकीवरचा तडा

चष्मेवाल्यांनी कॅमेऱ्याची एक लांबलचक जुनी लेन्स घरी आणली, तेव्हा बायकोने पहिलाच प्रश्न विचारला, "यात फोकस आपोआप होतो ना?"

"आपोआप?" अंगावर पाल पडावी तसे चष्मेवाले दचकले. "अगं, जन्मभर लोकांना अंधुकाचं स्पष्ट करून देतोय मी! स्पष्ट म्हणजे काय हे मला मशीनने शिकवायचं? हे कडं हाताने फिरवायचं आणि डोळ्याने ओळखायचं."

"केवढं ते धूड! निदान बाल्कनीतून खाली कुणाच्या डोक्यावर पाडू नका," एवढं म्हणून ती आत गेली.

चष्मेवाल्यांचं चष्म्याचं दुकान सोसायटीच्या फाटकालगतच होतं. समोरासमोरच्या दोन्ही इमारतींतल्या बहुतेक नाकांवर त्यांच्याच दुकानातल्या फ्रेमा होत्या. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, डोळ्यांपुढची भिंगं बदलत "आता दिसतंय? आणि आता?" विचारायचं, हा त्यांचा धंदा. तो चालत होता लोकांच्या एका विश्वासावर: या माणसाच्या नजरेतून काही सुटत नाही.

त्यांना फोटो काढायचा होता घारीचा. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर, उंच खांबांवर दोन्ही इमारतींची पाण्याची टाकी होती आणि टाकीच्या कठड्यावर रोज सकाळी एक घार येऊन बसायची. तिचा डोळा, नुसता डोळा, लख्ख टिपायचा. पण चष्मेवाले कडं फिरवत फिरवत चोचीपर्यंत पोचायचे, तोवर घार उडालेली असायची. फोटोत उरायची ती टाकी. आठवडाभर त्यांनी घारीला मनसोक्त शिव्या दिल्या आणि मग विचार केला, टाकी तर टाकी! ती कुठे उडून जात नाही. आधी तिच्यावर हात बसवू.

झालं. लेन्स काढ, घाल, पूस, पुन्हा लाव. टाकी बरोबर मधोमध धरायची आणि सावकाश कडं फिरवायचं. फोटो आणखी रेखीव यावा म्हणून त्यांनी लेन्सचं तोंड, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक, अगदी बारीक केलं. संध्याकाळी फोटो कॉम्प्युटरवर घेऊन, रंग काढून, काळं अधिक काळं करून धार वाढवली आणि ते खुर्चीत ताठ झाले. टाकीवर तडा! वरून खालपर्यंत, नागमोडी, चांगला काळाभोर. खालच्या टोकाला तेवढा फिकट.

"अगं ए, इकडे ये!" त्यांचा आवाजच फाटला.

बायको हात पुसत आली. "रेघ दिसतेय खरी. पण परवापर्यंत तर नव्हती."

"तेच तर! परवा नव्हती!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेन्सचं तोंड आणखी बारीक केलं, फोटोला आणखी धार लावली. तडा कालच्यापेक्षा ठळक आला. तडा वाढत होता! टाकीच्या बरोबर खाली हेडबाई राहत होत्या. एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, एकट्या, आणि घरभर कुंड्या. ती टाकी त्यांच्यावर कोसळली तर? ते तसेच पायजम्यावर सेक्रेटरींच्या दारात जाऊन उभे राहिले.

सोसायटीचे सेक्रेटरी संशयी माणूस. ते गच्चीवर गेले, मान मोडेपर्यंत वर बघितलं आणि खाली येऊन म्हणाले, "मला तर काही तडाबिडा दिसत नाही."

"नंबर कधी तपासलात?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"मागच्या वर्षी. तुमच्याचकडे."

"वाढलाय. या वयात वाढतो."

सेक्रेटरींनी घाईघाईने चष्मा शर्टाला पुसून पुन्हा लावला. कालच त्यांनी जिना उतरताना एक पायरी चुकवली होती आणि ती बायकोने पाहिली होती. त्यांनी पुन्हा वर बघितलं. "हां... म्हणजे... उन्हाची तिरीप होती मघाशी. आता दिसतोय की. चांगलाच आहे!"

मग हेडबाई आल्या. फोटो बघितला, टाकी बघितली. सेक्रेटरींना जे दिसतं ते आपल्याला दिसू नये? "मला तर महिन्याभरापासून शंका होती," त्या म्हणाल्या. त्यांच्यामागून जो जो गच्चीवर गेला, तो तडा बघूनच खाली आला. एका आजोबांना तर दोन दिसले.

संध्याकाळी टाकी रिकामी केली. दोन्ही इमारतींच्या तोंडचं पाणी पळालं ते असं. कुणी अंगाला साबण लावून नळाकडे बघत उभं, कुणी बादली घेऊन फाटकाबाहेर धावतंय. पण चष्मेवाल्यांना बोल कुणीच लावला नाही. उलट जो भेटेल तो म्हणे, "तुमची नजर म्हणून वाचलो बुवा!" चष्मेवाल्यांची छाती फुगली.

सकाळी इंजिनिअर आला. तरुण, जाड भिंगांचा चष्मा लावलेला. शिडी चढून त्याने टाकीवर हात फिरवला, हातोडीने ठोकून बघितलं. "भिंत तर ठणठणीत आहे. मला काही..."

"तुमचा चष्मा कुठल्या दुकानातला?" खालून हेडबाईंनी शाळेतल्या आवाजात विचारलं. "सेक्रेटरींना दिसतो, मला दिसतो, आजोबांना दोन दिसतात. तुम्हाला एक दिसत नाही?"

इंजिनिअरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो टाकीला नाक लावून बराच वेळ बघत राहिला. "आहे," शेवटी तो म्हणाला. "केसासारखा बारीक, पण आहे. टाकी पाडावी लागेल. आणि बाई, तोवर तुम्हाला खालचं घर सोडावं लागेल."

हेडबाईंचा चेहरा एकदम उतरला. त्या खाली गेल्या आणि थोड्याच वेळात खिडकीतल्या कुंड्या एकेक करून आत जाऊ लागल्या.

इकडे चष्मेवाल्यांनी बाल्कनीतून पुरावा म्हणून आणखी एक फोटो घ्यायचं ठरवलं. शिडीवर इकडे वळलेला इंजिनिअर नेमका मध्ये आला होता. म्हटलं, असू दे, त्याचंही तोंड येईल. कडं फिरवलं, खटकन फोटो घेतला, कॉम्प्युटरवर टाकून धार वाढवली.

टाकीवरचा तडा इंजिनिअरच्या कपाळावरून, नाकाच्या शेंड्यावरून आणि हनुवटीवरून तसाच खाली गेला होता.

"अरे देवा!" चष्मेवाले मटकन खाली बसले. बायकोने फोटो बघितला, मग नवऱ्याकडे. कॅमेऱ्याची लेन्स काढून, आतला पडदा उघडून तिने टॉर्च मारला आणि फुंकणीने फुस्स करून एक केस कागदावर पाडला. टोकाला काळाभोर, मुळाशी पांढरा.

"तुमचाच आहे," ती म्हणाली. "कलप लावायचा राहिलाय."

"कुणाला बोलू नकोस! दुकान बंद होईल. ज्याला केस आणि तडा यातला फरक कळत नाही, त्याच्याकडे डोळे दाखवायला कोण येईल?"

"नाही बोलत." तिने खिडकीबाहेर बघितलं. "शेवटची कुंडी पण आत नेली हो बाईंनी."

चष्मेवाले उठले. केसाचा कागद हातात धरून खालच्या चौकात गेले, सगळ्यांना हाक मारली, हेडबाईंनाही बोलावलं आणि डोळे मिटून एका दमात सांगून टाकलं. "तडा नाही. कधीच नव्हता. कॅमेऱ्यात माझा केस अडकला होता. चुकलं माझं. बाई, घर सोडू नका."

आता शिव्या बसणार म्हणून चष्मेवाल्यांनी मान आत ओढून घेतली.

"म्हणजे मी जो बघितला, तो काय होता?" हेडबाई सावकाश म्हणाल्या.

"आणि मी?" सेक्रेटरी म्हणाले. "या डोळ्यांनी बघितलाय मी!"

"माझे तर दोन होते," आजोबा म्हणाले.

सगळ्यांनी इंजिनिअरकडे बघितलं. त्याने घाम पुसला. "तडा आहेच. पण पुन्हा नीट विचार करता धोक्याचा नाही. वरून गिलावा केला की झालं. पाडायची गरज नाही, घर सोडायची तर नाहीच."

हेडबाईंनी असा काही सुस्कारा सोडला की त्यांचा चष्मा धुरकटला. सगळ्यांचे चेहरे एकदम मोकळे झाले. मोकळे नव्हते ते एकटे चष्मेवाले. "अहो, पण तडा नाहीये! हा केस बघा!"

सेक्रेटरींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आवाजात कळवळा होता. "चष्मेवाले, एवढा ढळढळीत तडा आता तुम्हाला दिसेना? नंबर कधी तपासलात?"

पाच मिनिटांनी चष्मेवाले स्वतःच्याच दुकानात गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले होते. नाकावर तपासणीची जड फ्रेम होती. दारातून समोरची टाकी दिसत होती आणि दाराबाहेर सोसायटी उभी होती. सेक्रेटरींनी हाताला लागेल ते भिंग फ्रेममध्ये सरकवलं.

"आता दिसतोय?"

"नाही हो."

हेडबाई चुकचुकल्या. सेक्रेटरींनी दुसरं भिंग घातलं. "आता?"

चष्मेवाल्यांनी टाकीकडे बघितलं. कठड्यावर घार येऊन बसली होती. निवांत, हलायचं नावच नाही. मग त्यांनी दारातल्या गर्दीकडे बघितलं. सगळ्यांच्या नाकांवर त्यांच्याच दुकानातल्या फ्रेमा होत्या.

"आता," चष्मेवाले म्हणाले, "अगदी स्पष्ट."