हातचे टन

"चार वाजेपर्यंत जुना प्रोग्रॅम कायमचा बंद!" ताईने सकाळीच सगळ्या ऑफिसला ऐकवलं.

युद्धनौकेचा पहिला कच्चा आराखडा, म्हणजे लांबी किती, वजन किती, इंजिन केवढं, हे जुना प्रोग्रॅम चार दिवस कण्हत सांगायचा. ताईचा नवा प्रोग्रॅम दहा मिनिटांत सांगणार होता. चारला नौदलाचे मोठे साहेब तो बघायला येणार होते. पसंत पडला नाही, तर तिची दोन वर्षांची मेहनत कपाटात!

इंजिन, तोफा अशा सगळ्या खात्यांनी दिलेली वजनं भरून तिने बटण दाबलं. जहाज जरा जड आलं, म्हणून प्रोग्रॅमने मोठं इंजिन घेतलं. मोठ्या इंजिनाला जास्त तेल, तेलाला मोठी टाकी, टाकीला लांब जहाज, आणि लांब जहाज आणखी जड! सासुरवाडीला मुक्काम ठोकलेल्या जावयासारखं ते फुगतच चाललं.

"ताई, एकशे ऐंशी मीटर झालं!" इंजिनवाला ओरडला. "आपली गोदी दीडशेची आहे!"

"मग घडी घालून ठेवू," तोफवाला म्हणाला.

ताईने घाईघाईने अण्णांना फोन लावला. जुना प्रोग्रॅम त्यांनीच लिहिलेला. आता निवृत्त होऊन ते घरी कुंड्यांना पाणी घालत होते.

"अण्णा, तुमच्याकडे जहाज गोदीत कसं बसायचं?"

"अगं, मी कापायचो ना! प्रत्येक जण हातचं राखून आकडा फुगवतो. इंजिनवाल्याचे दहा टक्के उडवायचे, तोफवाल्याचे वीस. तो पहिल्यापासून लोभी!"

"पण हे कुठंच लिहिलेलं नाही!"

"लिहिलं असतं, तर ते तीस टक्के वाढवून आले असते!"

तीन वाजले होते. ताईने दार लावून घेतलं.

"बोला, कोणी किती टन लपवलेत?"

इंजिनवाल्याने खाली बघत दोनशे काढून दिले. तोफवाल्याने आधी आईची शपथ घेतली, मग चारशे दिले. प्रोग्रॅम पुन्हा चालला. एकशे वीस मीटर!

साहेब आले आणि बघतच राहिले. "तीस नॉटचा वेगसुद्धा मिळाला? अहो, मला पंचवीसच हवा होता. तुम्ही कापणार, म्हणून वाढवून सांगितला!"

"साहेब, इथे आता तसं चालत नाही," ताई ताठ मानेने म्हणाली. "नव्या प्रोग्रॅमला फक्त खरा आकडा लागतो."

"मग हाच प्रोग्रॅम पक्का. उरलेलं काम किती दिवसांचं?"

"दोन महिने," ताई म्हणाली.

काम तीन आठवड्यांचं होतं. तोफवाल्याला एकदम खोकल्याची उबळ आली.