उशीवाल्यावरील स्वारी व मौनास्त्राची हकीकत

ऐकणारांनी कान द्यावे आणि हसू आल्यास दाबोन ठेवावे, कारण प्रकरण राज्यकर्त्यांच्या झोपेचे आहे. राजकारणधुरंधर, सल्लासागर, सत्तेचे कर्दनकाळ श्रीमंत भाष्यकारसाहेब दर मंगळवारी वर्तमानपत्राचे चौथे पानी लेखाची तोफ डागीत, आणि ती डागली की तख्ते डळमळतात ऐसी त्यांची खातरजमा होती, आणि दर लेखाचे अंती ‘देश आज एका वळणावर उभा आहे’ हे वाक्य शिक्क्यासारखे उमटवीत. तों एके मंगळवारी त्या पानावर उशांच्या कारखानदाराची जाहिरात चालून आली, आणि लेखाचा शेवट कापला गेला, आणि शिक्क्याचे वाक्य उशीखाली गतप्राण जाहले.

साहेबांच्या तळपायाची आग मस्तकी गेली. मग दिवाणखान्यात मसलत बसली. मसलतीस हजर साहेब आणि कुटुंब, पैकी कुटुंब मटार सोलीत होते. साहेबी मनसुबा केला जे, पुढील मंगळवारी लेख देऊ नये, जागा कोरी राखावी, आणि त्या कोऱ्या जागेच्या दहशतीने रयत घाबरी होऊन ‘साहेब का बोलत नाहीत’ ऐसा पुकारा करील, मग संपादक आपसूक शरण येईल. कुटुंबाने इतकेच पुसले की, पुकारा न उठल्यास काय? प्रश्न वर्मी लागला, कारण तेच भय साहेबांचे पोटी होते. तथापि मौनाचे फर्मान रवाना जाहले. संपादकाचा जबाब आला जे, बरे, प्रकृतीस जपावे.

मंगळवार उजाडला. कोरी जागा पाहवणार नाही म्हणोन साहेबी वर्तमानपत्र उघडिले नाही, इस्त्रीचा सदरा चढविला आणि पुकारा ऐकावयास थेट केशकर्तनालयावर कूच केले, आणि खुर्चीवर आरूढ होऊन गालांस साबण लावविला. शेजारचे खुर्चीत निवृत्त बँक मॅनेजर होते. या गृहस्थांनी उभ्या हयातीत साहेबांची तारीफ म्हणोन केली नव्हती, उलट शाई स्वस्त झाली काय ऐसे टोमणे मारीत. त्यांनी आज आपण होऊन साहेबांचा हात धरिला.

“आज मात्र मानलं तुम्हाला. काय लिहिलंय!”

साहेब चकित, कारण लिहिले तर काहीच नव्हते. वर्तमानपत्र हिसकोन पाहतात तों चौथे पानी त्यांचाच लेख, बहुत वर्षांमागील, शब्द न् शब्द तोच. ज्या मंत्र्यास त्यात खबरदार केले होते तो वारूनही जमाना लोटला होता, आणि छायाचित्रात साहेबांचे डोईस भरघोस केस होते, आणि कोणास काही म्हणजे काही खटकले नव्हते. कारागिराने तेवढे केस न्याहाळोन कटिंग छान आल्याची कबुली दिली.

आता इकडे आड तिकडे विहीर. खरे सांगावे तर मॅनेजरांची तारीफ जन्मात एकदा हाती आलेली परत जाणार, न सांगावे तर मौन फुकट. साबण वाळला तरी निर्णय होईना. अखेर साहेबी गंभीर मुद्रेने फर्माविले जे, लिखाण काळाचे पुढे असले की ऐसेच होते.

घरी येताच कुटुंबाने पुसले, उठला का पुकारा? तेव्हा साहेबांचे अवसान गळाले.

“जुनाच लेख छापला त्या गाढवांनी. आणि कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही गं.”

“गाढवांनी नाही, मी पाठवला,” कुटुंब म्हणाले. “ती जागा ते उशीवाल्यालाच देणार होते. कुणी साधी चौकशी केली नसती, तर तुम्ही आठवडाभर धड जेवला नसतात.”

“पण नेमका हाच कसा निवडलास?”

“निवडायचं काय त्यात? हाताला लागला तो दिला.”

साहेब बहुत दुखावले, आणि बहुत सुखावलेही, आणि दोहोंपैकी कोणते अधिक हे न कळल्याने त्यांनी चहा मागविला.

येणेप्रमाणे मौनास्त्राची मोहीम फत्ते जाहली. उशीवाला तिसरे पानी हटला. पुढील मंगळवारी साहेबांचा ताजा लेख अखंड छापोन आला, देश वळणावरच उभा होता, आणि कुटुंबाने तो कापोन, घडी घालोन, बाकीच्या कात्रणांवर ठेविला. हे विजयाचे टिपण येथे कायम केले असे.