मेहुण्याच्या शेतातली खापरं

सरकारी खात्यांची नाडी आपल्याला कळते, याबद्दल पान्देलीसला तिळमात्र शंका नव्हती. तीस वर्षं बोटीवर काढलेला माणूस! बंदरातल्या साहेबांना आपण कसं बोटावर नाचवलं, हे तो कॉफीच्या दुकानात रोज सांगे. त्यामुळे मुलीचं, देस्पिनाचं लग्न ठरल्यावर तिचं घर आपण स्वतः बांधणार, हे त्याने छाती ठोकून जाहीर केलं.

पाया खणताना तिसऱ्या दिवशी फावडं खण्णकन वाजलं. मातीतून काळी चकचकीत खापरं निघाली, आणि त्यांवर तांबूस चित्रं. एकावर आरसा धरलेला बाईचा हात, एकावर म्हाताऱ्याची अर्धी दाढी, एकावर घोड्याचं नुसतंच ढुंगण. पुराणवस्तू खात्याला कळलं, की आधी दोरी बांधतात, मग ब्रश घेऊन बसतात. गावातल्या बेकरीवाल्याने लेकासाठी काढलेला पाया चार वर्षं तसाच होता. तोवर भाड्याच्या खोलीत सुनेची दोन बाळंतपणं उरकली.

पण पान्देलीस हातपाय गाळणारा नव्हता. टेकडीवर त्याच्या मेहुण्याचं, अर्गीरिसचं शेत होतं. शेत कसलं, नुसते काटे आणि बकऱ्या. बांधावरून भांडण झाल्यापासून अकरा वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. भर दुपारी, गाव झोपलेलं असताना, पान्देलीसने खापरं त्या शेतात पेरली आणि दुसऱ्या दिवशी सज्जन नागरिकासारखा खात्याला फोन केला. खबर देणाऱ्याच्याच खड्ड्यात कोण कशाला डोकावेल?

खात्याच्या मिर्सिनीबाई आल्या. त्यांनी तीन दिवस अर्गीरिसचं शेत जागोजागी खणलं. वरवर पडलेल्या खापरांखाली बकरीच्या हाडांपलीकडे काही निघेना. अर्गीरिस हाताची घडी घालून बघत होता आणि पान्देलीस न विचारता सल्ले देत होता. शेवटी बाईंनी दोन खापरं मांडीवर जोडून पाहिली.

"ही कड ताजी तुटलीय," त्या म्हणाल्या. "आठवड्याभरात कुणाचं तरी फावडं लागलंय."

"बकऱ्या, बाई," पान्देलीस म्हणाला. "ह्याच्या बकऱ्या फार दांडगट."

तेवढ्यात त्याची बायको ग्लिकेरिया धापा टाकत टेकडी चढून आली. बाई खापरं गोळा करतायत हे ऐकून ती मदतीला आली होती.

"पान्देली, धुणं धुताना हे तुझ्या खिशात निघालं बघ. मी साबणाने स्वच्छ करून आणलंय."

खापरावर घोड्याचं तोंड होतं. बाईंनी ते मागच्या अर्ध्याला लावलं. घोडा असा जुळला, जणू वाटच बघत होता. मग अर्गीरिसने अकरा वर्षांतलं पहिलं वाक्य उच्चारलं.

"पान्देली, खिशात आणखी काही जनावरं आहेत का?"

बाईंनी पान्देलीसला शाळेतल्या पोरासारखं झापलं आणि संध्याकाळी त्याच्या खड्ड्याभोवती दोरी लागली. देस्पिना दोन दिवस बापाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी अर्गीरिस दारात आला आणि त्याने एक सरकारी कागद भाचीच्या हातात ठेवला. टेकडीवरच्या शेतात पुरातन काही नाही, खुशाल घर बांधावं, असं त्यात लिहिलं होतं.

"घे गं पोरी," तो म्हणाला. "सबंध गावात एवढी तपासलेली जमीन दुसरी नाही. तुझ्या बापाची कृपा."

घर टेकडीवर उभं राहिलं. विटा पान्देलीसने वाहिल्या. कुठे ठेवायच्या ते अर्गीरिस खुर्चीत बसून सांगत होता.

हल्ली पान्देलीस दोरीपाशी उभा राहून, पहिलं खापर आपल्या नजरेने कसं हेरलं, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला रंगवून सांगतो. परवा एका मास्तरीणबाईंनी विचारलं, की मग पहिल्यांदा खात्याला तुम्ही ती खापरं नेमकी कुठे दाखवलीत?

पान्देलीस बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. पायात सपाता होत्या.