पाहुणे डॉट फोन

मेश्रामकाकांना "आजीचा फोन आला होता" असं नुसतं सांगून चालत नाही. माझ्या मुलीनं एकदा सांगितलं, तर त्यांनी लगेच विचारलं, "कोणत्या टेबलातली आजी? आईच्या की बाबांच्या?" इथे अमेरिकेतच जन्मलेल्या त्या पोरीनं "मॉम्स साइड" म्हटलं, तेव्हा कुठे त्यांनी चहाचा कप उचलला.

काका मूळचे नागपूरचे. वेस्ट विंडसरमध्ये राहून त्यांनी आयुष्यभर डेटाबेसची नोकरी केली आणि रिटायर झाल्यावर ती सगळी विद्या आमच्या मराठी मंडळाच्या माथी मारली. मंडळाच्या डेटाबेसमध्ये दोन टेबलं, म्हणजे तक्ते, आहेत. एक इथल्या सभासदांचं, दुसरं सहा महिन्यांसाठी आलेल्या त्यांच्या आईवडिलांचं, म्हणजे पाहुण्यांचं. दोन्हींत नाव, दोन्हींत फोन. दोन्ही जोडून यादी काढली की वर साधं 'नाव', 'फोन' लिहावं की नाही? काका लिहिणार 'पाहुणे डॉट नाव', 'सभासद डॉट नाव', 'पाहुणे डॉट फोन'. कॉलम कुठल्या टेबलातून आला ते त्याच्या डोक्यावर हवंच. पथ्याचा कॉलम तर फक्त पाहुण्यांच्या टेबलात आहे, सभासद वाट्टेल ते खातात. तरी तिथेही 'पाहुणे डॉट पथ्य'!

या डॉटांपायी एका पानाची यादी तीन पानांवर जाते. पाहुण्यांची पिकनिक मी करते, त्यामुळे ती तीन पानं सांभाळत माझ्या नाकी नऊ येतात. गेल्या महिन्यात मी सरळ ही सगळी 'डॉट'वाली लेबलं उडवली, अक्षर मोठं केलं, यादी एका पानावर बसवली आणि पार्कात वाटूनही टाकली.

काकांनी एक प्रत पाहिली आणि सगळ्यांच्या हातातून कागद परत घ्यायला सुरुवात केली. एक आजोबा त्यानं वारा घेत होते, त्यांच्याही हातातून काढून घेतला. चारचौघांत! माझं डोकंच फिरलं. मी त्यांना पार्किंगमध्ये गाठलं.

"काका, हा इव्हेंट मी मॅनेज करतेय. लोकांना कळतं कुठला फोन कुणाचा. तुमचा हट्ट आता टू मच होतोय."

"काहून काढलं बेटा ते?" एवढंच म्हणून त्यांनी गठ्ठा गाडीवर ठेवला. मग खाली बघत त्यांनी सांगितलं.

त्यांची आई आली होती तेव्हाची गोष्ट, सगळ्यांकडे मोबाइल नसायचे तेव्हाची. अशीच पिकनिक, हेच पार्क. यादी काकांनीच केली होती, अगदी माझ्यासारखी सुटसुटीत. दोन्ही कॉलमांचं नाव 'फोन', म्हणून प्रोग्रॅमनं त्यातला एकच ठेवला आणि ते त्यांच्या लक्षात आलं नाही. राहिला तो पाहुण्यांचा, म्हणजे घरचा नंबर. काकांचा ऑफिसचा नंबर गळाला. पार्कात आईचा पाय मुरगळला. बायका यादीतला नंबर मुलाचाच समजून लावत राहिल्या आणि जिथे आई स्वतः राहत होती त्या कुलूपबंद घरात फोन वाजत राहिला. काका ऑफिसात होते, दहा मिनिटांवर. दोन तासांनी कुणाच्या तरी जावयानं तिला घरी सोडलं.

माझा राग गेला नव्हता, पण आता तो माझ्यावरच होता. मी पर्समधून दोन पेनं काढली. गाडीच्या हूडवर कागद ठेवून आम्ही दोघं एकेका प्रतीवर लेबलं लिहू लागलो. तिकडे पोहे गार होत होते.

"मग आईंना सांगितलंत ना, की लिस्ट चुकली होती?" मी विचारलं.

"सांगितलं. तिला वाटलं, मी सारवासारव करतोय. म्हणाली, असू दे बाबा, कामात असशील." काकांनी पुढचा कागद ओढला. "मग कितीदा तिकीट पाठवतो म्हटलं, आलीच नाही. शेवटपर्यंत तिला वाटत होतं, मी फोन उचलला नाही."