कोरं

परुळेकर घरी आला की आधी तुमच्या सदऱ्यावर पाणी टाकायचा. डोळ्यांत औषध घालायची काचेची नळी कायम खिशात. थेंब कापडात जिरला की नाही ते वाकून बघायचा आणि निकाल द्यायचा, "पितंय!" नाहीतर "पीत नाही!" विरारला तेव्हा टँकर आला की माणसं बादल्या घेऊन एकमेकांना तुडवायची, आणि हा गृहस्थ अख्ख्या सोसायटीच्या पोटांवर पाणी शिंपडत फिरायचा. एका साखरपुड्यात त्याने मुलाच्या बापाला भर मांडवात "पीत नाही!" म्हणून जाहीर केलं. बाप दचकला. "सोडून वर्ष झालं हो, पण तुम्हाला सांगितलं कोणी?"

नोकरी वालीवला, कापड रंगवायच्या कारखान्यात. तिथल्या मागच्या गाळ्यात त्याने एक यंत्र जुळवलं होतं. काचेच्या पेटीतली हवा पंपाने ओढायची, उरल्यासुरल्या हवेत वीज सोडायची, की आत जांभळा उजेड. त्याला म्हणे प्लाझ्मा.

"कापूस मुळात तहानलेला. पण अंगावर मेण, वर विणताना चढवलेली खळ. तोंड बांधलेला माणूस हो! हा उजेड ते तोंड सोडतो. पाण्याचा थेंब न लावता!"

यंत्र पेटलं की गोखिवऱ्यापर्यंतचे पंखे उलटे फिरत, हे मी शपथेवर सांगेन. 'प्लाझ्मा' ऐकून तळमजल्यावरचे नाना समजले, याने रक्तपेढी काढली. परुळेकर दिसला की ते दंडावरची बाही खाली ओढत.

त्याच्या बायकोला, शालिनीवहिनींना, अर्धांगवायू झाला होता. वाचा गेलेली, पाठ चिघळलेली.

आमची ही म्हणाली, "भावजी, जुनी धोतरं अंथरा. जुनेरासारखं ओल टिपणारं काही नाही."

"जुनेर चालत नाही तिला."

"मग नवं आणा आणि चारदा उकळा."

"उकळल्यावर कोरं कसलं, वहिनी?" तो नळीशी चाळा करत राहिला. "मामाकडे वाढली ती. लग्नापर्यंत अंगाला मामेबहिणींची जुनेरं. आल्या दिवशीच मला म्हणाली, आता मेले तरी वापरलेलं अंगाला लावणार नाही. अजून जुनं अंथरलं की चांगल्या हाताने ओढून काढते."

त्याला असं कापड हवं होतं, कोरं आणि तरी पिणारं. पेटीतून निघायचे रुमालाएवढे तुकडे. पलंगभर कापड मावेल अशी पेटी त्याने बांधली खरी, पण ते कापड काखेत मारून तो घरी आला, त्याच सकाळी वहिनी गेल्या.

नाना आमच्याकडचे अंत्यविधीचे जाणकार. माणूस त्यांना विचारून मरायचा. परुळेकरने तेच कापड वहिनींवर घालायला उलगडलं, तसे ते म्हणाले,

"हे चालायचं नाही, परुळेकर. शेवटचं वस्त्र कोरं लागतं. हे यंत्रातलं."

"पाणी लागलंय का त्याला, नाना? कोरड्यात केलंय. हात लावून बघा."

नानांनी कापड चिमटीत धरलं, नाकाशी नेलं. बाही ओढायची विसरले.

"कोरंच आहे," ते म्हणाले. "घाला."

मग त्यांनी वहिनींच्या तोंडात तुळशीपत्र ठेवलं, पळीभर पाणी घातलं. पाणी ओठांतून निसटून कापडावर आलं. कोऱ्यावर थेंब जागेवर थांबतो नाहीतर घरंगळतो. परुळेकर सवयीने वाकला. आम्हाला वाटलं, आता याचा बांध फुटणार.

थेंब पडला तिथेच जिरला.

"पितंय," तो वहिनींच्या कानाशी म्हणाला. "शालू, पितंय गं. आणि कोरं आहे."