चांदीची बटणं

समितीपुढे संशोधकाने मोठ्या झोकात डबी उघडली आणि आत निघाली चार तपकिरी बटणं.

"हे हाडात बसवायचं?" अध्यक्षबाईंनी चष्मा वर सरकवला.

संशोधकाने डबी उलटीसुलटी करून पाहिली. डबीत त्याच्या चार चकत्या असायला हव्या होत्या. धातूच्या चकत्या, वर पांढऱ्या सिरॅमिकचा थर आणि थरात चांदीचे आयन. हाडात बसवल्यावर जंतूंनी आसपास फिरकू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. जंतू मरतात हे समितीला मागेच पटलं होतं. पण "थर खरवडून निघाला तर?" या प्रश्नावर घोडं अडलं होतं. आज उत्तर मिळालं नाही, तर त्याचं काम कायमचं बंद होणार होतं.

डबी विसरायला नको म्हणून कालच त्याने ती कोटाच्या खिशात टाकली होती. कोट! त्याने खाली पाहिलं. पोटावर चार पांढरीशुभ्र बटणं ऐटीत बसली होती. चकत्या रसायनात टांगून बुडवायच्या, म्हणून प्रत्येकीला दोन भोकं पाडलेली होती. तीच नडली.

"एक मिनिट हं," म्हणत त्याने कोपऱ्यात जाऊन घरी फोन लावला. "आई, माझ्या कोटाचं काय केलंस?"

"काय करणार? इस्त्री केली. बटणं सगळी लोंबत होती. खिशात नवी सापडली. म्हटलं, चला, कधी नव्हे ते पोरानं स्वतःहून काही आणलं! जुनी डबीत ठेवलीत हो, टाकली नाहीत."

"अगं, त्यांच्यावरून इस्त्री फिरवलीस?"

"फिरवली की. आणि आधी तारेच्या घासणीनं घासून घेतली. कुठून कुठून आणतोस, जंतू असतात त्यांच्यावर."

संशोधकाने कपाळावर हात मारला. मागे अध्यक्षबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी कात्री पुढे केली. दोरा इतका पक्का, की अख्खी समिती आळीपाळीने झटली. मग चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली गेल्या. संशोधकाला तिकडे बघवेना.

"घासणी, सुई, इस्त्री," अध्यक्षबाई सावकाश म्हणाल्या, "आणि साधा ओरखडा नाही! अहो, आमच्याकडे इतकी कडक परीक्षा नव्हती. काम चालू ठेवा."

संध्याकाळी तो उड्या मारतच घरात शिरला. "आई, जिंकलो! थर जागचा हलला नाही!"

आईचं लक्ष कोटाकडे होतं. बटणांच्या जागी नुसती दोऱ्याची टोकं. तिचा चेहरा पडला.

"नसेल हलला," तपकिरी बटणांसाठी सुईत दोरा ओवत ती म्हणाली. "माझा टाका तरी कुठे हलला? कापावाच लागला ना?"